वाडीचं गाऱ्हाणं घालणारे काका

आमच्या थोरल्या काकांइतका विसराळू माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात नाही, आणि त्यांच्याइतकी दांडगी स्मरणशक्तीही कुणाची नाही. दोन्ही मतं काकीचीच. पहिलं रोजचं, दुसरं वर्षातून एकदाचं.

काकांच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते आणि ती नेहमी दुसऱ्याची असते. माडांच्या पंपाचा पट्टा तुटला म्हणून काकीने त्यांना कसालला पाठवलं. एसटीत शेजारी एक म्हातारी बसली. संध्याकाळी काका रिकाम्या हातांनी परतले. म्हातारीचा जावई तिच्याशी का बोलत नाही, त्यात चूक कोणाची, तिच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडतं, हे सगळं मात्र तोंडपाठ. "आणि पट्टो खंय आसा?" काकीने विचारलं. "खंयचो पट्टो?" काका इतक्या निरागसपणे म्हणाले की तिने कपाळाला हात लावला. पुढच्या खेपेला तिने चिठ्ठी लिहून दिली. बाजारात कुणाला तरी फोन नंबर टिपून घ्यायला कागद हवा होता, काकांनी तीच देऊन टाकली.

माझी लेक पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिने त्यांना समजावलं की हातातलं काम पुरं होईस्तोवर गोष्टी धरून ठेवणारी एक छोटी स्मृती माणसाला असते, तिच्यात जागा फार थोडी, आणि तिथे काय टिकतं ते बरंचसं स्वभावावर असतं. काकांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "ता रवांदे. तुझी परीक्षा कधी गो बाय?" दोन महिन्यांनी बरोबर परीक्षेच्या सकाळी त्यांचा तिला फोन आला. मी, तिचा सख्खा बाप, ती तारीख साफ विसरलो होतो.

अशा माणसाकडे आमच्या वाडीचं गाऱ्हाणं आहे. वर्षातून एकदा देवापुढे नारळ ठेवायचा आणि सगळ्या घरांचं मागणं एकट्याने, तोंडी, देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक मागण्याला वाडीने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सकाळपासून लोक काकांना गाठून आपापलं सांगतात. कुणाची होडी, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची आटलेली म्हैस. काका एकही घर गाळत नाहीत.

यंदा काकीच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. गाऱ्हाण्याला निघताना ती काकांना म्हणाली, "तेवढा माझा आठवणीन घाला हां." काकांनी पस्तीसच्या पस्तीस घरं घेतली. आंबोलीला दिलेल्या एका भाचीच्या सासूचा दमासुद्धा घेतला. गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला. बायकांच्या घोळक्यातून काकी हळूच म्हणाली, "आणि माझा?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी इसारलंय गो."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगोलग कीवही आली. काकांशी बांधावरून कायम भांडणारा शेजारी तडक घरी गेला आणि दुसरा नारळ घेऊन आला. "उबे रवा. परत घाला," तो खेकसला.

काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही माझी..." पुढे शब्दच येईना. सगळ्या वाडीसाठी घडाघडा बोलणाऱ्या माणसाला बायकोसाठी एक वाक्य जुळेना. ओठ नुसते हलत राहिले. काकी खाली मान घालून उभी होती. आम्ही वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली नाही. शेजाऱ्यासकट सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

रिपोर्ट परवा यायचा आहे. देवाने अर्ध्या वाक्यावर भागवून घ्यावं, एवढंच माझं मागणं.