मधला गड्डा

वाल्ट्राउटच्या गुडघ्यांनी या उन्हाळ्यात अखेर हात टेकले. मोज्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं उभे राहिलेले गुडघे ते, त्यांना तरी किती बोलायचं? ऑगस्टमध्ये तिने आमच्या भाड्याच्या बागांच्या वसाहतीच्या कमिटीला चिठ्ठी दिली, एकतीस नंबरची बाग ऑक्टोबरअखेर सोडते आहे म्हणून. जर्मनीत आमच्या केम्निट्झ शहराकडे अशा बागेसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसतात. चिठ्ठी द्यायचा अवकाश, एक तरुण जोडपं येऊन खोपट्याची मापंसुद्धा घेऊन गेलं. वाल्ट्राउटने त्यांना कॉफी विचारली नाही. राग वगैरे काही नाही, उठायचा कंटाळा.

पंप, बेदाण्याची झुडपं, काकड्यांचं काचघर, सगळं तिने त्यांना देऊन टाकलं. तिला न्यायचं होतं एकच फुलझाड, एगॉनची ठेंगू अ‍ॅस्टर.

एगॉन म्हणजे तिचा नवरा, रेल्वेत सांधेवाला. जाऊन पाच वर्षं झाली. माणूस भलता शिस्तीचा. उंच अ‍ॅस्टर ऑक्टोबरच्या पावसात आडव्या होतात. काठ्या लावा, दोऱ्या बांधा, तरी दारुड्यांसारख्या एकमेकींच्या गळ्यात. त्याला ते बघवायचं नाही. आपोआप उगवलेल्या रोपांतलं सगळ्यात बुटकं तेवढं तो ठेवायचा, बाकीची उपटायचा. असं अकरा वर्षं केल्यावर त्याला एक रोप मिळालं. जेमतेम दीड वीत उंच, उशीसारखं गच्च, आणि धुरकट जांभळ्या फुलांनी इतकं भरलेलं की पान दिसू नये. नाव काही दिलं नाही त्याने, नुसतं ‘आपली ठेंगू’ म्हणायचा. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती.

ती त्याच्या थडग्यावर लावायची, एवढंच वाल्ट्राउटच्या मनात होतं. नोव्हेंबरात मृतांच्या रविवारी सगळे जण थडग्यांवर देवदाराच्या फांद्या पसरतात. त्या फांद्यांखाली त्याचं स्वतःचं रोप असावं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून राहायला ती मोकळी.

आणि तेच रोप मरायला टेकलेलं. सप्टेंबरात अख्खी वसाहत जांभळी झाली, पण एकतीस नंबरात मुठीएवढं वाळकं लाकूड आणि त्याला दोन काड्या. कळी म्हणून नाही. तिने खत घातलं, पाणी घातलं, शेवटी शिव्याही घातल्या. मग एक दिवस ती पालथ्या बादलीवर बसली आणि रडली. दुःखाने म्हणाल तर तसंही नाही. थकून रडली.

आमच्याकडे कुंपण नियमाने छातीइतकंच ठेवावं लागतं, त्यामुळे रडणंसुद्धा खासगी राहत नाही. बत्तीस नंबरातला लोथार बघत उभा होता. निवृत्त बसचालक, एगॉनचा तीस वर्षांचा दोस्त. एगॉनच्या शेवटच्या उन्हाळ्यात, एगॉन बाहेर आरामखुर्चीत पडलेला असताना, या बाबाने दुपारी अडीचला गवत कापायचं यंत्र सुरू केलं. एक ते तीन ही आमची शांततेची वेळ. तेव्हा आमच्याकडे कुणी साधा खिळा ठोकत नाही. वाल्ट्राउट त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, सरळ कमिटीला लिहिलं. ते पत्र वार्षिक सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून लोथार म्हणाला, “नमस्कार, फ्राउ हाउबोल्ड.” तीस वर्षांच्या अगं-तुगंनंतर एकदम बाई आणि आडनाव! तीही काही कमी नाही. “नमस्कार, हेर त्सीग्लर,” म्हणाली. तेव्हापासून बोलणं तेवढंच.

आज मात्र तो म्हणाला, “मधलं ठेवलंत तुम्ही.”

तिने डोळे पुसून वर पाहिलं.

“दर तीन वर्षांनी गड्डा काढून फोडायचा. कडेचे कोवळे फुटवे लावायचे, मधलं म्हातारं लाकूड फेकायचं. दोन वर्षांमागे तुम्ही नेमकं उलटं केलंत. मी बघत होतो.”

हे काम नेहमी एगॉन करायचा, ही नुसती बादली धरायची. त्या वसंतात पहिल्यांदा तिने एकटीने केलं, आणि मधलं जाणूनबुजून ठेवलं. कारण मधलं एगॉनने स्वतःच्या हाताने मातीत लावलेलं. कडेचं काय, ते मागाहून आलेलं. एगॉनचं लावलेलं कसं फेकायचं?

“बघत होतात, आणि बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर कमिटीला कळवलं असतंत.”

चिडायलाही अंगात त्राण नव्हतं. त्यात तो म्हणत होता ते खरं. ती एवढंच म्हणाली, की आता दुकानातलं काहीतरी आणून लावीन. लोथारने टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, “ये इकडे.”

त्याच्या खोपट्यामागे, तिच्या बाजूने दिसणार नाही अशा जागी, ठेंगूचा हातभर लांब पट्टा फुलला होता. तेव्हा तिने खताच्या ढिगावर टाकलेले कडेचे फुटवे त्याने कुंपणावरून हात घालून उचलले होते.

“मला वाटलं, मला मिळू नये म्हणून रागाने त्याचं रोप फेकतेयस,” तो म्हणाला. “त्या दिवशी चूक माझीच होती, वाल्ट्राउट. पण सभेत वाचायला नको होतं.”

“नको होतं,” ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी मिळून लोथारच्या पट्ट्यातला गड्डा काढला. खरं तर हे वसंतात करायचं काम. “पण तुला वसंतापर्यंत इथे ठेवतंय कोण,” लोथार म्हणाला. त्याला हर्निया, हिचे गुडघे. एकाच फावड्यावर दोघांनी एकेक पाय दिला, मधे दोनदा थांबले, दम खाल्ला. कडेचे सहा फुटवे बादलीत आले.

राहिला तिच्या वाफ्यातला जुना मधला गड्डा. मी काढून टाकतो, लोथार म्हणाला. वाल्ट्राउटने मानेनेच नको म्हटलं. कुंपण धरून ती खाली बसली, गुडघे मातीत टेकवले. गड्डा ओढल्याबरोबर निघाला, खाली मूळ असं उरलंच नव्हतं. तिने तो मांडीवर घेऊन माती झटकली, अंगठा फिरवला. मग बसल्या जागेवरून खताच्या ढिगावर टाकला.

“आता हात दे,” ती लोथारला म्हणाली. “मला उठता येत नाही.”