अण्णांचा अर्धा राहिलेला पिक्चर

दादा, अण्णा मला मिरज स्टेशनवर सोडायला आले तेव्हा गाडी येईपर्यंत माझ्या सामानाच्या गाठी तपासत राहिले. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी ब्रिटनला, कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून निघाले होते. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "तिकडं वारं लई असतंय म्हणं. कानाला बांधत जा." बस, एवढंच. त्यानंतर त्यांच्या जवळ राहिलास तो तू, शेजारच्या घरातला पुतण्या.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. इथल्या माझ्या फ्लॅटसमोर माहीनखानूम, म्हणजे आपल्याकडच्या माहीनबाई, राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गाव इराणमधलं शिराझ. चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलं, ते पुन्हा पाहिलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांना जिने चढायला शिकवलं आणि त्याबदल्यात रविवारचा चहा ठरला. त्यांच्याकडे एक जुना फारसी पिक्चर आहे, लोककथांवर बेतलेला, गाण्यांचा. दैत्य एका मुलीला बागेत कोंडतो आणि तिच्या गावातली माणसं डफ वाजवत, गाणी म्हणत तिला शोधत फिरतात. एका रविवारी तो लावलेला असताना अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन टीव्हीकडे वळवला.

जन्मभर टॉकीजमध्ये मशीन चालवलेला माणूस, एकदम सावरून बसला. "अगं, ही बाग म्हणाली! आता दरवाजा म्हणाली! मराठीच की!" मग दैत्याचं नाव ऐकून गोंधळले. माहीनखानूम म्हणाल्या, त्यांच्याकडे दैत्याला 'दीव' म्हणतात. अण्णा म्हणाले, "आमचा देव तुमच्याकडं जाऊन बिघडला वाटतं." मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याच्या खुणेचा गोल ठिपका चमकला की अण्णा ओरडायचे, "रीळ बदला!"

मग हा नेमच झाला. इथे दुपारचे तीन, तिकडे अण्णांची जेवणाची वेळ. ते ताट घेऊन बसायचे आणि प्रत्येक गाणं दोनदा लावायला लावायचे, त्यामुळे पिक्चर पुढे सरकतच नव्हता. मलाही घाई नव्हती. इतकी वर्षं फोनवर आमचं बोलणं औषधं आणि हवा यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

शेवटची वीस मिनिटं राहिली असताना ते म्हणाले, "डोळे मिटायला लागले बघ. उरलेला पुढच्या रविवारी."

गुरुवारी तुझा फोन आला.

मिळेल त्या विमानाने निघाले, तरी पोचेपर्यंत तू अग्नी देऊन घरी आला होतास. मी तुला दोष देत नाही. किती थांबणार होतास? पण मी त्यांना पाहिलं नाही, दादा. फोनवर पाहिलेले, ताटावर वाकलेले अण्णा, तेच माझे शेवटचे.

कार्डिफला परत आले तर माहीनखानूमनी तो पिक्चर तिथेच थांबवून ठेवला होता. म्हणाल्या, "तुझ्याशिवाय कसा बघणार?" आम्ही बसलो. दैत्य मेला, मुलगी घरी पोचली, सगळं गाव नाचलं. आणि शेवटी निवेदक दोन ओळी म्हणाला. मी अर्थ विचारला.

"आमच्याकडे सगळ्या गोष्टी अशाच संपतात," त्या म्हणाल्या. "आमची गोष्ट संपली, कावळा काही घरी पोचला नाही."

दादा, दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, "तुझ्यासाठी थांबलेत. काहीतरी बोल." सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

इतके दिवस अडलेलं रडू मला त्या सोफ्यावर आलं. माहीनखानूमनी टीव्ही बंद केला. त्यांची आई गेली तेव्हा त्यांना जाताच आलं नव्हतं, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाल्या, "आता त्यांच्याबद्दल बोल. इंग्लिशमध्ये नको, तुझ्या भाषेत. मला समजणार नाही, पण मी ऐकते."

तू विचारलंस, आता मिरजेच्या घराचं काय करायचं, मी परत येणार आहे का. दादा, मला खरंच माहीत नाही. त्या घरात आता माझी वाट बघणारं कोणी नाही. इथे दिवसचे दिवस मराठी शब्द तोंडातून निघत नाही. पण त्या दुपारी एका परक्या बाईच्या फ्लॅटमध्ये बसून मी तासभर मराठीत बोलले. अण्णांना जे सांगायचं होतं ते सगळं बोलले. त्या मध्येमध्ये मान हलवत होत्या आणि एखादा ओळखीचा शब्द आला की माझा हात घट्ट दाबत होत्या. घर म्हणून सध्या माझ्याकडे एवढंच आहे.