ताश्कंद: जाळीच्या मागून पाहिलेली थाळीफेक

ताश्कंदला जायचं ठरलं ते आमच्या स्वयंपाकघरात, मेथी फोडणीला टाकताना. आमच्या तनूची आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेत थाळीफेकीसाठी निवड झाली होती. संघ दिल्लीहून जाणार, राहणं-खाणं संघाचं. आईबापांना यायचं तर त्यांनी आपलं आपण यावं. नवरा, संजय, नाशिकमध्येच सातपूरला कंपनीत आहे. त्याला काही सुट्टी मिळेना. "तूच जाऊन ये," तो म्हणाला. "तिथं पोरीला थाळी कोण आणून देणार?" तो चेष्टेत बोलला, पण मी मनावर घेतलं.

ही चेष्टा काय ते सांगायला हवं. गंगापूर रोडजवळच्या ज्या मैदानावर तनू सराव करते, तिथे क्रिकेटवाल्यांची ही गर्दी. थाळी जिथे पडते तिथे कुणीतरी उभं राहून लोकांना हाकलावं लागतं. ते काम माझं. थाळी एकच चांगली, दुसरीची कड फुटलेली. तनू फेकायची, मी थाळी उचलून चालायला लागायचे, ती समोरून पळत यायची आणि मैदानाच्या मध्यावर आमची गाठ पडायची. पाणी प्यायचं, दोन शब्द बोलायचे, परत आपापल्या टोकाला. कित्येक वर्षं आमच्या संध्याकाळी अशाच गेल्या. तिला फेकताना मी कायम समोरून आणि लांबूनच पाहिलं होतं.

तर प्रवास. व्हिसा ऑनलाइन मिळतो, फार कटकट नाही. नाशिकहून मुंबईला मी सकाळची बस धरली. रस्त्याचं काम चालू असेल तर दोन तास जास्त धरा, नसेल तरी धरा. इगतपुरीला चहा घेतला आणि सवयीने दोन सांगितले. एक चहा तसाच राहिला. विमान मुंबईहून थेट होतं, चार तासांच्या आत पोचवतं. परदेश म्हणून मी उगाच धास्तावले होते.

ताश्कंद रुंद रस्त्यांचं, भरपूर झाडांचं, स्वच्छ शहर आहे. मेट्रो स्वस्त आहे आणि स्टेशनांत लग्नाच्या हॉलसारखी झुंबरं. पैशाला सोम म्हणतात आणि त्याला शून्यं इतकी की जेवणाचं बिल बघून छातीत धस्स होतं. रुपयांत मोजलं की आपल्याकडच्या साध्या हॉटेलाइतकंच निघतं. शाकाहारी लोकांनी मात्र चटणी, ठेपले न्यावेतच. 'गोश्त' हा शब्द तिथेही कळतो, त्यामुळे तो उच्चारून जोरात मान हलवायची. मग गोल, जाड, खमंग रोटी आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मिळते. मी सगळे दिवस त्यावरच काढले.

उतरले होते एका बाईंच्या घरी. पेन्शनर बाई, फोनमध्ये बोलायच्या आणि फोन मला हिंदीत सांगायचा.

"एकट्याच आलात?"

"मुलगी आहे ना, याच शहरात. खेळायला आलीय."

"मग ती तुमच्याजवळ का राहत नाही?"

"संघाबरोबर राहावं लागतं."

बाईंनी माझ्या ताटात आणखी एक रोटी वाढली. एका गावात असून पोरीला भेटता येत नाही, हे त्यांना काही पटलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं? रात्री तिचा फोन यायचा तोही घाईत. "झोप मम्मी, मीटिंग आहे," एवढंच.

स्पर्धेच्या दिवशी स्टेडियमवर लवकर गेले. आत जायला तिकीट लागत नव्हतं. थाळी भलतीकडे जाऊ नये म्हणून फेकायच्या वर्तुळाभोवती उंच जाळी असते, प्रेक्षकांना बसवलं होतं ते तिच्या बरोबर मागे. पहिल्यांदाच मला माझ्या मुलीची पाठ दिसली. पाठ केवढी रुंद झालीय तिची! वेणी घट्ट बांधलेली, उजव्या टाचेला पांढरी पट्टी. ही पट्टी कधी लावली, कशाला, मला माहीत नव्हतं. पलीकडे हिरवळीवर थाळ्या परत आणायला बॅटरीवरची छोटी गाडी फिरत होती. मला तिचा चक्क राग आला.

प्रत्येकीला तीन फेकी, मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. तनूला त्या आठांत यायचं होतं, घरून निघताना तिने एवढंच मागितलं होतं देवाकडे.

पहिल्या फेकीला ती गर्रकन फिरली, थाळी सुटली आणि जात राहिली. इतकी लांब तिची थाळी कधीच गेली नव्हती. मी ओरडत उभी राहिले. आणि तनू हात वर करून वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर पळाली, थेट हिरवळीकडे. नियम असा, की थाळी पडल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं. पुढून पडलं की फेक बाद. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिचं एकदा असंच झालं होतं. तेव्हापासून तिला शिकवणारे आमचे सर प्रत्येक स्पर्धेत मागून "मागे!" म्हणून ओरडायचे. सर इथे नव्हते. लाल झेंडा वर गेला. चार पावलांवर तनू थबकली आणि तशीच उभी राहिली.

दुसरी फेक जाळीत गेली, तीही बाद. तिसरी जपून टाकलेली, सरळ, बेताची. थाळी पडल्यावर ती जागची हलली नाही. मग सावकाश वळली आणि मागून बाहेर पडली, म्हणजे माझ्याच दिशेने आली, पण मान खाली, डोळे पांढऱ्या रेघेवर. मी हात हलवत होते. तिने वर पाहिलंच नाही.

ती नववी आली.

संघाच्या बसपाशी कुंपणाच्या अलीकडून-पलीकडून पाच मिनिटं मिळाली.

"तू होतीस कुठे?" तनू रडवेली झाली होती.

"मागे. जाळीच्या बरोबर मागे."

"मी समोर बघत होते गं. एवढी लांब गेली, मला वाटलं तू थाळी घेऊन येतेस. निघालेच मी."

मी कुंपणातून तिची बोटं धरली. तेवढ्यात ट्रॅकसूटमधल्या एक कोच बाई आल्या. "आंटी, फाऊल हुआ तो क्या, हमने देखा कहाँ गिरा. इसको कैंप में ले रहे हैं. दिल्ली से सीधा." मापली न गेलेली फेक बघून तिला निवडलं होतं. तनू माझ्याकडे बघत राहिली.

"जाऊ?"

मला तिला घरी न्यायचं होतं. तिच्या आवडीची शेवभाजी करायची होती. "जा," म्हटलं. "पप्पांना मी सांगते."

माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मोठ्या घुमटाखालच्या बाजारात गेले. जर्दाळू छान मिळतात, भाव करा, विकणारे हसत हसत कमी करतात. एका बाईने चाखायला जर्दाळू दिला आणि मला तिथेच रडू आलं. तिला वाटलं आंबट निघाला, म्हणून तिने दुसरा दिला. मी किलोभर घेतले.

घरी आले तेव्हा संजय कामावरून यायचा होता. तुम्ही विचाराल, ताश्कंद बघण्यासारखं आहे का? आहे, जरूर जा. पण मला त्यातलं फार थोडं आठवतं. आठवते ती पाठ, आणि चार पावलांवर थबकलेली पोर. आता संध्याकाळी मी मैदानाकडे फिरकत नाही. त्या वेळात उगाच कपाटं आवरते. संजय म्हणतो, किती आवरशील?

परवा तनूचा फोन आला. सराव स्पर्धेत पहिली आली, तिन्ही फेकी चांगल्या गेल्या.

"मागून बाहेर पडलीस ना?" मी विचारलं.

"हो गं. आता आपोआप वळते. समोर बघतच नाही, सवय झाली."

हेच तर हवं होतं मला. "शाब्बास," म्हटलं, फोन ठेवला आणि पोटभर रडले.