रगड्याचा पुरावा

अख्ख्या कोलकात्यात कुणाचंही म्हणणं सहजासहजी न मानणारा माणूस एकच: आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. ‘चहा झाला’ हे काकूंचं वाक्यसुद्धा ते स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय स्वीकारत नाहीत. जन्म गेला बजबजच्या मिलमध्ये तागाची प्रत ठरवण्यात. व्यापारी गाठीच्या वर सोन्यासारखा ताग लावतो आणि पोटात ओला, कुजका कोंबतो; म्हणून काका थेट पोटात हात घालायचे. निवृत्तीनंतर तो हात मोबाइलमध्ये शिरला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर हळदीनं कुणाचा मधुमेह पळाला, की काका हजर: ‘कुणाचा? पत्ता द्या, भेटून येतो.’ एकदा तर ‘सुप्रभात’लाही ‘कशावरून?’ म्हणाले.

मला हा माणूस डोक्यात जायचा. मी पत्रकं लिहिणारी. आग लागलेली असताना शंका कसल्या काढत बसता? कोपऱ्यावरचा फुचकेवाला, म्हणजे इथला पाणीपुरीवाला, गटाराचं पाणी वापरतो, असा व्हिडिओ ग्रुपवर आला, तेव्हा तासाभरात माझं पत्रक तयार: ‘हाकला याला!’ छापायला निघाले, तर जिन्यात काका.

‘दाखव.’ त्यांनी व्हिडिओ मधूनच लावला, थांबवला. ‘पुरीत काय भरतोय?’

‘रगडा. मग?’

‘मग काय मग! पुण्याची ना तू, तुला रगड्यात काही खटकणारच नाही. अगं, आपल्या फुचकेवाल्याकडे गरम रगडा कधी खाल्लास? तो बटाटा भरतो, बटाटा! आणि द्रोण कुठंय? ही स्टीलची प्लेट आहे. हा गाडा भलत्याच गावचा, बाई!’

तीन वर्षं मी त्याच गाड्यावर खात होते. लाजेनं पत्रक फाडलं. पण व्हिडिओ तोवर घरोघर पोचला होता. संध्याकाळी गाड्यावर चिटपाखरू नव्हतं. पुऱ्यांची टोपली भरलेली, आणि आपलं काय चुकलं हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी तिखट बंद केलेले काका पुढं झाले. ‘पाणी कुठलं?’ हे विचारलंच! त्यानं पाण्याचा जार दाखवला. मग काकांनी द्रोण घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘मी खातोय. शंका असेल त्यानं येऊन बघावं.’ दुसरा द्रोण माझा. ठसक्यानं काकांचे डोळे वाहत होते, पण जागचे हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं मंडळाच्या चिटणीस वहिनी लेकीचा हात धरून पलीकडच्या फुटपाथवर दिसल्या. मी हाक मारणार, तोच काका हळूच म्हणाले, ‘बोलावू नकोस. आधी नीट बघू दे तिला.’

आम्ही दोघं जरा बाजूला सरकून उभे राहिलो.