किल्ली मागणारा अमेरिकन

तो आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बास्केटकडे बघितलंसुद्धा नाही. बॉल जमिनीवर आपटत, कान देऊन, सगळा हॉल फिरला. एका कोपऱ्यात थांबला, पुन्हा आपटला आणि मला म्हणाला, "इथली जमीन मेलीय." लाकडी फ्लोअरला अशा जागा असतात, बॉल तिथून अर्धाच वर येतो. मी हातातला मॉप छातीशी धरून म्हणालो, "येस. डेड. सॉरी." तो इतका हसला की खाली बसला. "तू मारलीस का तिला? मग सॉरी कशाला?"

मला सॉरी म्हणायची सवयच आहे. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. नाशिकच्या एका कॉलेजच्या जिमखान्यात ग्राउंडमन होतो, चुना मारायचो, नेट बांधायचो. बायको त्याच कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होती आणि टेबल टेनिस खेळायची. आमचं लग्न कसं जमलं ते तिच्या घरच्यांना अजून समजलेलं नाही, मलाही पूर्ण समजलेलं नाही. तिला कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही नायमेखन या डच शहरात आलो. तिच्या परमिटवर माझं परमिट. दिवाळीला मंडळात कोणी विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" की मी म्हणायचो, "स्पोर्ट्समध्ये आहे," आणि चिवड्याच्या दिशेने सरकायचो.

हॉल शेजारच्या गावात होता, तिथल्या खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा. मला कामावर घेणाऱ्या बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: शिडीवर चढता येतं का आणि सकाळी लवकर येशील का. सर्टिफिकेट मागितलं नाही. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी रडलो होतो आणि वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असं बायकोला सांगितलं होतं.

अमेरिकन गडी पस्तिशीला टेकलेला, आमच्या हॉलमध्ये खेळणाऱ्या बास्केटबॉल क्लबने त्या सीझनसाठी आणलेला. पोलंड, सायप्रस, फिनलंड, आणखी कुठे कुठे खेळून आलेला, कुठेही फार तर एक सीझन. गावांची नावं त्याच्या लक्षात नसायची. "ते गाव, जिथे रिंग कडक होती," असं म्हणायचा. त्यानेही कॉलेज अर्धवट सोडलेलं. मी त्याला एकदा 'भाऊ' म्हणालो, अर्थ सांगितला, तेव्हापासून मीच त्याचा 'बाऊ' झालो. त्याला भ काही जमला नाही.

मग साथ आली. आधी प्रेक्षक बंद झाले, नंतरच्या हिवाळ्यात सगळंच. हॉलला कुलूप, फक्त क्लबची मुख्य टीम सरावाला येऊ शकत होती, तीही यादीत नाव असेल तर. तिकिटं विकली जात नव्हती, म्हणून क्लबने परदेशी खेळाडूंपैकी एकाला मोकळं केलं. ह्यालाच. महिनाअखेरपर्यंत क्लबचा फ्लॅट वापर म्हणाले. बाकीचे आत पळायचे आणि हा बाहेर सायकल स्टँडजवळ उभा राहून काचेतून बघायचा. मी आतून काच पुसायचो. पुसताना त्याच्याकडे बघायचं की नाही, हे मला ठरवता यायचं नाही.

"घरी का जात नाहीस?" मी विचारलं. विमानं तर चालू होती.

"घरी गेलो की मी माजी खेळाडू. चुलतभावाने गोदामात नोकरी बघून ठेवलीय. चांगली आहे. म्हणून तर घाबरतो."

त्याच्या एजंटने सांगितलं होतं की हंगेरीत एक क्लब विचार करतोय, पण त्यांना आत्ताचा व्हिडिओ हवा. जुने व्हिडिओ सगळ्यांचेच चांगले असतात. हा माणूस आज पळतो का, आज उडी मारतो का, ते दाखवा.

म्हणून त्याने माझ्याकडे किल्ली मागितली. "बाऊ, सकाळी तू लवकर येतोस. तासभर. दिवे पण लावू नकोस."

"नाही जमणार."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना. आणि मला कळलं की माझ्या तोंडावर दिसतं."

तो वळला. सायकलवर बसून निघून गेला. घरी मी इकडून तिकडे फेऱ्या मारत होतो. खेमेंटेच्या कॅमेऱ्यात दिसलो तर? नोकरी गेली तर? माझ्या नोकरीचा बायकोच्या परमिटशी काही संबंध नाही हे ती मला कितीदा समजावणार? आणि नाहीच दिली किल्ली आणि तो गोदामात गेला तर?

बायको लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बाईंना विचार ना."

"विचारायचं?"

"तोंड आहे ना तुला? जेवढा वेळ घरात फिरतोयस तेवढ्यात विचारून झालं असतं."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आमच्याकडे गोष्ट एकतर गुपचूप करायची, नाहीतर करायचीच नाही. वरच्याला विचारलं की त्याच्या नजरेत आलो. इतकी वर्षं मी नजरेत न येता निभावलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. "मॅडम..."

"मॅडम म्हणू नकोस. बोल."

मी सगळं सांगितलं. माझ्या डचमध्ये, म्हणजे निम्मं हातांनी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "नाही."

मी उभाच. पुढे काही येईल असं वाटलं होतं. "यादीत नाव नाही, त्यामुळे नाही. विचारलंस ते बरं केलंस. न विचारता दिली असतीस तर तुला काढावं लागलं असतं. कॉफी घेणार?" मग माझ्या लहान मुलीची सर्दी गेली का, हेही विचारलं. 'काढावं लागलं असतं' आणि 'कॉफी घेणार' यांच्या मधून माझी नोकरी कशी जाऊन परत आली, ते त्यांना कळलंही नसेल. पुढे कितीतरी दिवस मी त्यांचा राग बाहेर पडायची वाट बघत होतो. तो नव्हताच.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू साहेबिणीला विचारलंस? बाऊ, मला किल्ली हवी होती, मीटिंग नको होती!"

मग उरलं उघड्यावरचं कोर्ट. फ्लॅटच्या मागे, डांबरी, जाळीच्या जागी लोखंडी साखळ्या, आणि रिंगखाली कायमचं तळं. हॉलमधला पाणी ओढायचा लांब दांड्याचा रबर न्यायला मी बाईंना परत विचारायला गेलो. "हो, ने," त्या म्हणाल्या, जरा वैतागून, रबरासाठी पण का विचारतोय म्हणून.

मी पाणी ओढायचो, तो दोरीच्या उड्या मारायचा. हाताची बोटं बधिर व्हायची. वारा वाल नदीवरून सरळ यायचा आणि त्याचे लांबचे शॉट उचलून भलतीकडे न्यायचा. तो रिंगला शिव्या द्यायचा, मी वाऱ्याला. मराठी शिव्या त्याला फार आवडल्या. पहिल्या दिवशीचं शूटिंग त्याने माझ्या फोनवर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"यात मी कुठे आहे?"

खरंच नव्हता. आयुष्यभर क्रिकेट बघितलेलं, मी आपला बॉलच्या मागे मागे कॅमेरा फिरवला होता. बॉल आकाशात, बॉल साखळीत, बॉल कुंपणाशी. "बॉलला कोणी नोकरी देणार नाहीये," तो म्हणाला. "माझे पाय घे. बॉल नसताना मी काय करतो ते घे."

दुसऱ्या दिवशी मी त्याचे पाय घेतले. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. समोर कोणी नसताना तो माणूस कोणाला तरी अडवत होता, मागे सरत, वाकून, हात पसरून, ओल्या डांबरावर. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन थांबली आणि बराच वेळ बघून गेली.

व्हिडिओ गेला. उत्तर नाही. एजंट फोन उचलेना. महिना संपत आला. तो पळायचा, नुसता गावाभोवती पळत राहायचा. माझीही झोप उडाली होती, जसा काही मीच खेळणार होतो. बायको म्हणाली, "तुझं बघून मला धाप लागते."

आणि एका दुपारी अमेरिकनाचा मला फोन आला. हंगेरीच्या क्लबमधला एक खेळाडू पॉझिटिव्ह निघाला होता. ताबडतोब ये, तो बरा होईपर्यंत खेळ, पुढचं पुढे, असा एजंटचा निरोप होता.

"व्हिडिओ आवडला त्यांना?" मी विचारलं.

"बघितला की नाही माहीत नाही."

"विचारायचंस ना!"

"बाऊ, सगळंच विचारायचं नसतं."

आता फक्त त्याची स्वतःची टेस्ट निगेटिव्ह यायला हवी होती. निकालाची वाट बघत आम्ही हॉलबाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसलो. मला त्याच्यासाठीही भीती, स्वतःसाठीही. पॉझिटिव्ह आला तर त्याचं संपलं, आणि पाठोपाठ मी, घरी बायको, मुलगी, बंद हॉलसुद्धा बंद. आणि दुसऱ्याला रोग झाला म्हणून आपण इथे आनंदाने बसलोय, हेही डोक्यातून जात नव्हतं. मेसेज डचमध्ये आला. त्याने फोन बाकावरून माझ्याकडे सरकवला. मी वाचला, खात्री म्हणून पुन्हा वाचला. निगेटिव्ह. तो उठला, चालत कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तिथून परत येऊन म्हणाला, "बॅगा भरतो."

त्याची पहिली मॅच आम्ही शनिवारी दुपारी लॅपटॉपवर बघितली. रिकाम्या खुर्च्या, न कळणाऱ्या भाषेतलं समालोचन. बराच वेळ तो मास्क लावून कडेला बसलेला. मुलगी डचमध्ये म्हणाली की हा तर नुसता बसलाय. मग उठवलं त्याला. पहिला शॉट चुकला. पण शेवटपर्यंत कोचने त्याला बाहेर काढलं नाही. मी उभा राहून बघत होतो.

संध्याकाळी मी लिहिलं, "मस्त खेळलास. तो आजारी माणूस कसा आहे?"

"बरा होतोय," उत्तर आलं. आणि जरा वेळाने, "देवाची कृपा. माझी वाट लागली."

मी फोन पालथा ठेवला. दिवेलागणीला देवासमोर उभा राहिलो आणि त्या न बघितलेल्या माणसाला बरं कर म्हणालो. जरा सावकाश कर, असंही म्हणालो. बायको मागून म्हणाली, "काय पुटपुटतोयस?" मी म्हणालो, "काही नाही, सगळ्यांचं भलं कर."

तो माणूस बरा होऊन परत आला, तरी ह्याला सीझनभर ठेवलं, कारण तोवर टीममधला तिसराच कोणीतरी आजारी पडला होता. त्या तिसऱ्याबद्दल मी देवाकडे काहीच बोललो नव्हतो.