‘उलटतपासणी’चा न मिळालेला अंक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. एका माणसाला ते कळलं — पण तेसुद्धा मी धीर करून सांगितलं म्हणून नव्हे. तोंडातून निघून गेलं म्हणून. तुम्हाला मात्र पहिल्यापासून सांगतो. मधूनच सुरू केलं तर मी आहे त्यापेक्षा बरा दिसेन, आणि ते मला नको आहे.

मी जुनी राजकीय साप्ताहिकं आणि मासिकं जमवतो, स्कॅन करतो आणि विकतो. मूळ अंक शौकिनांना, स्कॅन अभ्यासकांना. धायरीतल्या फ्लॅटची एक अख्खी खोली त्यात गेलीय. बायको तिला ‘ह्यांचं रद्दीचं दुकान’ म्हणते, आणि फारसं चुकीचं म्हणत नाही.

याच नादातला माझा एक मित्र आहे — मित्र, असं लिहिलं खरं. सुधाकरराव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते ‘उलटतपासणी’ नावाचं एकच साप्ताहिक गोळा करायला लागले. सगळ्या पक्षांना सारखंच झोडपणारं, पुण्यातूनच निघणारं, काही वर्षांत बंद पडलेलं. त्याचा एखादा सुटा अंक हाती लागला तरी आम्ही लोक आठवडाभर खुशीत असतो. सुधाकररावांनी एकेक करत सगळे मिळवले. एक सोडून.

मला त्यांचा हेवा वाटायचा. हेवा हा सौम्य शब्द झाला, मी जळायचो. माझ्याकडे वरून फोटो घेणारा महागडा स्कॅनर, त्यांच्याकडे झाकण मोडलेलं जुनं यंत्र. तरी रद्दीवाले आधी फोन कुणाला करायचे? सुधाकररावांना. मी दारात उभा राहिलो की लोक भाव करायला लागायचे. ते उभे राहिले की लोक आत बोलावून माळ्यावरची पेटी काढून द्यायचे. का? मी काय लुटायला येत होतो?

आणि मग त्यांनी ते सगळे अंक इंटरनेटवर टाकले. फुकट! मी जे विकून दोन पैसे मिळवत होतो, ते या गृहस्थांनी वाटून टाकलं. वर त्यांचा एक नियम — प्रत्येक अंकाखाली तो कुणाकडून मिळाला हे लिहायचं. ‘अंक सौजन्य’ आणि पुढे नाव. शाळामास्तरांची नावं होती, दोन न्हाव्यांची होती, नाना पेठेतल्या एका रद्दीवाल्याचं तर सहा वेळा होतं. माझं एकदाही नाही. असणार कसं? मी अंक देत नव्हतो, विकत होतो. तरीही मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायचो आणि रद्दीवाल्यावरसुद्धा जळायचो.

न मिळालेल्या अंकाच्या जागी त्यांनी कोरं पान ठेवलं होतं. त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं — ‘हा अंक मिळालेला नाही. कुणाकडे असल्यास कृपया कळवावे.’

त्या अंकाचं त्यांना एवढं का होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलं होतं, लाजत लाजत. सतरा वर्षांचे असताना त्यांनी ‘उलटतपासणी’ला पत्र पाठवलं होतं. शेजारच्या पोराने येऊन सांगितलं, अरे, तुझं पत्र छापून आलंय. ते पळत घरी गेले, तर वडिलांनी अंक बंबात घातलेला. वडीलही कारखान्यातच होते, राहायला कारखान्याचं क्वार्टर. असल्या पेपरात पोराचं नाव आलेलं साहेबांनी पाहिलं तर नोकरीचं काय, ही धास्ती. म्हणजे त्यांनी आपलं पत्र छापलेलं कधी पाहिलंच नाही. नाव छापलं होतं की नुसतं ‘एक वाचक’, एवढंही त्यांना माहीत नव्हतं. सगळा संग्रह त्यासाठी होता. आयुष्यात एकदा ते पान बघायचं.

आता त्या गोष्टीकडे येतो. येतोच आहे.

लोणी काळभोरहून त्यांना फोन आला — घर आवरताना जुन्या पेपरांची ट्रंक निघालीय, घेऊन जा. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ते मला म्हणाले, “मोहनराव, तेवढं तुम्ही जाऊन या.” मी गेलो. ट्रंकेच्या तळाशी, कुणाच्या तरी लग्नपत्रिकांखाली, तो अंक होता. तिसऱ्या पानावर पत्र. खाली त्यांचं नाव.

मी तिथे अंगणात बसून ते वाचलं. चांगलं लिहिलं होतं हो. फार चांगलं. सतराव्या वर्षी मी काय करत होतो? त्या पत्राचासुद्धा मला हेवा वाटला. आणि मनात आलं — हा अंक मिळाला की यांचा संग्रह पुरा. आणि मी कोण? आणून देणारा हमाल.

संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि म्हणालो, सगळी वाळवीने खाल्लेली रद्दी हो. ते म्हणाले, “असू दे. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.”

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. सहा महिन्यांनी बाहेरगावच्या एका संग्राहकाला तो अंक विकला. त्याने विचारलं, दुर्मीळ आहे याला पुरावा काय? मी त्याला सुधाकररावांच्या कोऱ्या पानाची लिंक पाठवली. त्यांच्या हस्ताक्षरातलं ‘मिळालेला नाही’ दाखवून मी तो विकला. पाठवण्याआधी स्कॅन करून ठेवला आणि फाइलला ‘वीजबिल’ असं नाव दिलं. ती फाइल मी किती वेळा उघडली असेल, सांगता येणार नाही. पत्र मला पाठ झालं.

त्यानंतर पाच वर्षं आमचं येणंजाणं चालू होतं. ते दर वेळी विचारायचे, “काही लागलं का हाताला?” मी दर वेळी नाही म्हणायचो, आणि अगदी सहज म्हणायचो.

यंदा त्यांची नजर गेली. काचबिंदू. त्यांनी मला खडकीला बोलावून घेतलं. म्हणाले, “आता अंक सापडला तरी मला काय दिसणार? मला आठवतं तसं पत्र सांगतो, तुम्ही टाइप करा. त्या कोऱ्या पानावर लावू.” वहिनी चहा ठेवून गेल्या. ते सांगायला लागले, मी टाइप करत होतो. “मंत्री आमच्या वसाहतीत आले त्या दिवशी नळाला भर दुपारी पाणी होतं. ते गेले आणि पाणीही गेलं...” इथे ते अडले. कपाळ चोळायला लागले. पुढचं आठवेना.

आणि माझ्या तोंडून निघालं, “आता पुढच्या निवडणुकीपर्यंत आम्ही तहान राखून ठेवायची का?”

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, म्हणजे मी बसलो होतो त्याच्या जरा डावीकडे. म्हणाले, “पुढचंही तुम्हीच सांगा, मोहनराव.”

मी सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी मधे एकही शब्द दुरुस्त केला नाही.

“खाली नाव छापलं होतं का हो?”

“हो. पूर्ण नाव. आणि वय.”

“स्कॅन आहे?”

“आहे.”

“मग टायपिंग राहू द्या. स्कॅनच लावा.”

मी लॅपटॉपवर ‘वीजबिल’ उघडलं, त्यांचं कोरं पान काढलं आणि तिथे अंक चढवला. झालं, असं म्हटलं आणि उठायला लागलो.

“थांबा,” ते म्हणाले. “खालची ओळ राहिली. अंक सौजन्य — तुमचं नाव टाका. आपला नियम आहे तसा.”

मी टाकलं. अजून तिथेच आहे.