रंगाच्या दोन हातांखाली

आमचे हे रंगारी. अख्ख्या गावाच्या भिंती चकचकीत, आणि आमच्या स्वयंपाकघराला बारा वर्षांत ब्रश लागला नव्हता. बोललं की एकच उत्तर, "अगं, करू की!"

ह्यांची शाळा चौथीत सुटली. सुटली कसली, नापास होऊन घरी बसले. मी दहावी पास, तीही पहिल्या फटक्यात. त्यामुळे भांडणात माझा हुकमाचा पत्ता ठरलेला: "तुम्ही गप्प बसा, चौथी नापास!" हे हसायचे. मला वाटायचं, हसताहेत म्हणजे लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना वाचनालयाची मागची खोली रंगवायचं काम मिळालं. संध्याकाळी तिथे इटालियन भाषेचा वर्ग भरायचा. हे शिडीवर भिंतीला रंगाआधीची लांबी लावताहेत आणि खाली पोरं घोकताहेत: पार्लो, पार्ली, पार्ला... मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. ह्यांनी ते ऐकून वाळलेल्या लांबीवर पेन्सिलीने टिपून ठेवलं, सहाही रूपं, एकाखाली एक. चौथ्या दिवशी एक मुलगा 'आम्ही बोलतो'ला अडला, तर शिडीवरून आवाज आला, "पार्लियामो!" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, उतरा खाली आणि बसा बाकावर."

बसले की हो! छप्पन्नाव्या वर्षी!

मग काय विचारता. वहीतलं डोक्यात राहीना, म्हणून जिथे काम तिथल्या भिंतीवर क्रियापद लिहायचे, दिवसभर घोकायचे आणि वरून रंगाचे दोन हात मारायचे. लोकांच्या बैठकीत बोलणं, झोपायच्या खोलीत झोपणं: दोर्मो, दोर्मी, दोर्मे. घरमालकांना पत्ताच नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "इटलीत कोण तुमची वाट बघत बसलंय?" ब्रश धुता धुता म्हणाले, "आयुष्यात एकदा पास व्हायचंय गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षा त्याच खोलीत. लेखी कशीबशी झाली. तोंडीला मी दाराशी उभी. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं नेमकं बोलण्याचं क्रियापद, सगळ्यांत सोपं. "पार्लो," हे म्हणाले आणि थांबले. पुढचं आठवेना. मला तर रोज ऐकून सगळी रूपं पाठ! जीभ दातांखाली धरून उभी राहिले, देवाशप्पथ.

तेवढ्यात हे उठले. "बाई, जरा भिंतीपाशी जाऊ?" खिडकीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर तळवा टेकवला आणि हात खाली खाली नेत सहाही रूपं धडाधड म्हणून दाखवली. मग दुसरं क्रियापद, मग तिसरं.

बाईंनी त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. "काका, इथे काही लिहिलंय का?"

"लिहिलंय ना. पण रंगाच्या दोन हातांखाली आहे. कॉपी धरणार का?"

बाईंची हसून हसून पुरेवाट झाली.

शंभरात एकसष्ट! मी गल्लीभर ओरडत सुटले. हे मात्र निकालाचा कागद चारचारदा उलटून बघत होते, मागे काही वेगळं लिहिलंय की काय म्हणून.

पुढच्याच रविवारी आमच्या स्वयंपाकघराला लांबी लागली. ती वाळल्यावर ह्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "लिही काहीतरी. तू शिकलेली."

मी ओट्याच्या वर लिहिलं: "तुम्ही पास. मी उगाच बोलत होते."

ह्यांनी ते सावकाश वाचलं, नाक ओढलं आणि त्यावर आपल्या हाताने दोनदा रंग दिला.

आता भाजी चिरताना मी मधूनच त्या जागेवर तळवा टेकवते. अजून सगळं नीट वाचता येतं.